रोजच्या दुखण्याला आकडा कसा द्यावा?

अर्धविराम (धागाकर्ती)

माझी कंबर आणि डावा पाय गेली नऊ वर्षे दुखत आहेत. तपासणीच्या खोलीत दर वेळी एकच प्रश्न विचारला जातो: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढे भयंकर, तर आज किती? गेल्या महिन्यात कपाट आवरताना जुने कागद एकत्र हाती लागले, म्हणून ते तारखेप्रमाणे लावून वाचले. जवळपास प्रत्येकावर सहा किंवा सात होते. या नऊ वर्षांत एक वर्ष असे गेले की कुशीवर वळण्यासाठी मला कोणाला तरी हाक मारावी लागत होती, आणि एक असेही गेले की नोकरी सांभाळून मी रोज दोन किलोमीटर चालत होते. दोन्ही वर्षांच्या कागदांवर सातच आहे. माझ्यात पडलेला फरक त्या आकड्यावरून मलाच कळला नाही, तर तो डॉक्टरांना कसा कळावा?

मी खोटे सांगत होते असे नाही. सात हा सोयीचा आकडा आहे. पाच सांगितले तर ‘मग आलात कशाला’ असे समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटेल अशी धास्ती वाटते, आणि खुर्चीत शांत बसून नऊ सांगणाऱ्यावर विश्वास बसणार नाही हेही कळत असते. या दोन भयांच्या मध्ये सात उरतो. शिवाय या पट्टीचे वरचे टोक कल्पनेला बांधलेले आहे. ज्याला मूतखड्याची कळ येऊन गेली आहे त्याचे दहा आणि ज्याला ती कधीच आलेली नाही त्याचे दहा एक नसतात. माझेच दहा या नऊ वर्षांत सरकत गेले आहेत, कारण जे पूर्वी असह्य वाटे त्याची आता सवय झाली आहे.

माणसाच्या सांगण्यावर न विसंबता दुखणे उपकरणाने मोजावे, हा प्रयत्नही होऊन गेला आहे. हार्डी, वुल्फ आणि गुडेल या अमेरिकी संशोधकांनी १९४० च्या दशकात कपाळाच्या त्वचेवर दिव्याची उष्णता सोडून ‘डोल’ नावाचे एकक ठरवले होते आणि त्यांची पट्टी साडेदहा डोलांपर्यंत जात असे. प्रयोगशाळेतल्या चटक्यांसाठी ते ठीक होते, पण आजाऱ्याच्या दुखण्यासाठी ते टिकले नाही. त्याच सुमारास, १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर काम करणाऱ्या हेन्री बीचर या डॉक्टरांच्या लक्षात आले की गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बहुतेकांना वेदनाशामक नकोच होते. जखम म्हणजे त्यांच्यासाठी रणांगणावरून जिवंत सुटका होती, असा अर्थ बीचर यांनी लावला. जखम केवढी यावरून दुखणे किती हे ठरत नाही, एवढे यातून निश्चित कळते.

म्हणून मी माझ्यापुरती वेगळी पट्टी केली आहे. तिच्यात ‘किती दुखले’ हा प्रश्न नाही, ‘दुखण्याने काय करू दिले नाही’ हा आहे. कोणी विचारले तरच आठवते, असा दिवस दोनचा. सगळी कामे होतात पण पुस्तकाचे तेच पान पुन्हा वाचावे लागते, तो चारचा. वीस मिनिटांहून जास्त बसता येत नाही आणि ठरवलेल्यांपैकी एखादे काम सोडावे लागते, तो सहाचा. समोरचा काय बोलतो आहे याचा धागा सुटतो आणि मी नुसती मान हलवते, तो आठचा. दहा मी अजून लिहिलेला नाही. रोज संध्याकाळी एकदाच, एका ओळीत हे लिहिते. दीड वर्ष झाले. आपण सर्व हे कसे करता, किंवा करत नसाल तर का नाही, हे वाचायला आवडेल.

पारंबी

आपली पट्टी वाचली आणि मला ती माझ्यावर अन्याय करणारी वाटली. रागावू नये, कारण सांगते.

मला सांध्यांचा जुनाट आजार आहे आणि घरात अंथरुणाला खिळलेली आई आहे. तिला दिवसातून अनेक वेळा कुशीवर वळवावे लागते, उठवून बसवावे लागते, आणि माझी बोटे दुखतात म्हणून यातले काहीही सोडता येत नाही. तेव्हा ‘दुखण्याने काय करू दिले नाही’ या प्रश्नाचे माझे उत्तर रोज ‘काहीच अडवले नाही’ असे येईल, आणि ज्या रात्री बोटांची मूठ वळत नाही म्हणून मी मनगटांनी तांब्या उचलते त्या रात्रीही आपल्या पट्टीवर माझा दिवस दोनचा किंवा तीनचा ठरेल. काम सोडता येणे हीदेखील सगळ्यांना परवडणारी गोष्ट नाही. जिला थांबण्याची मुभा आहे तिचे दुखणे पट्टीवर दिसते, जिला नाही तिचे दिसत नाही.

तळटीप

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलावेसे वाटते.

अर्धविराम यांनी स्वतः शोधलेली पद्धत शास्त्राला धरून आहे. अमेरिकेच्या संरक्षण दलांत आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या एका पट्टीवर शून्य ते दहाच्या प्रत्येक आकड्याखाली असेच एक वाक्य असते. तिथे तीनचा अर्थ दुखण्याने कधीकधी लक्ष विचलित होते, पाचचा अर्थ त्यामुळे काही कामे मध्येच थांबतात, आणि सातचा अर्थ सगळे लक्ष दुखण्याकडेच जाऊन रोजची कामे होत नाहीत, असा आहे. त्या हिशेबाने आपल्या जुन्या कागदांवरचे बरेच सात कदाचित पाच असते.

परंतु पारंबी यांचा आक्षेपही तितकाच खरा आहे, आणि त्याचसाठी तीव्रता आणि अडथळा या दोन गोष्टी वेगळ्या मोजण्याची रीत आहे. चार्ल्स क्लीलंड यांनी तयार केलेल्या वेदना प्रश्नावलीत गेल्या चोवीस तासांतले सर्वांत जास्त, सर्वांत कमी, सरासरी आणि आत्ताचे दुखणे असे चार आकडे विचारतात. त्यानंतर हालचाल, मनःस्थिती, चालणे, नेहमीचे काम, इतरांशी संबंध, झोप आणि जगण्यातला आनंद या सात बाबतींत दुखणे किती आड आले ते वेगळे विचारतात. पारंबी यांच्या वहीत ‘काम’ या रकान्यात शून्य येईल, पण ‘झोप’ आणि ‘इतरांशी संबंध’ या रकान्यांत तसे होईल का, याची मला शंका आहे. एवढे रोज भरणे कोणालाही जमणार नाही. म्हणून २००९ मध्ये त्यातून तीनच प्रश्नांची एक लहान पट्टी काढली गेली: गेल्या आठवड्यातले सरासरी दुखणे किती, ते जगण्यातल्या आनंदाच्या किती आड आले, आणि एकूण हालचालीच्या किती आड आले. मी माझ्या रुग्णांना आठवड्यातून एकदा तीच भरायला सांगतो.

आकड्यात किती फरक पडला म्हणजे खरा फरक, असा प्रश्न पुढे कोणी विचारेलच. औषधांच्या चाचण्यांमधल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २००१ मध्ये असे दिसले होते की अकरा पायऱ्यांच्या पट्टीवर सुमारे दोन आकडे किंवा साधारण ३० टक्के उतार पडला की रुग्ण स्वतःहून ‘बरेच बरे वाटते’ असे म्हणतात. सातावरून सहा आल्याने हुरळू नये, आणि सहावरून सात झाल्याने खचू नये.

निरंक

मी आकडे सोडून दिले. फोनवरचे एक ॲप दिवसातून तीन वेळा आठवण करून विचारत असे की आत्ता किती दुखते. एके दिवशी दुपारी ते वाजले तेव्हा मला काही दुखत नव्हते, आणि मी उत्तर देण्यासाठी मानेपासून खाली एकेक जागा चाचपून दुखणे शोधू लागलो. सापडलेच. त्या रात्री ॲप काढून टाकले.

कोरडवाट

निरंक यांचा अनुभव मला पटतो, तरीही नोंद अजिबात नको हे पटत नाही, कारण मग सारे स्मरणावर येते आणि दुखण्याच्या बाबतीत स्मरण हा फार पक्षपाती साक्षीदार आहे. रेडेलमायर आणि कानेमन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आतड्याची दुर्बीण-तपासणी चालू असताना रुग्णांकडून दर मिनिटाला दुखण्याचा आकडा घेतला होता आणि नंतर एकूण तपासणी किती दुखली ते विचारले होते. नंतरचे उत्तर मुख्यतः दोन क्षणांवरून ठरत होते: दुखण्याचे शिखर आणि शेवटची काही मिनिटे. तपासणी किती वेळ चालली याचा त्यावर जवळजवळ परिणाम नव्हता. ‘गेला महिना कसा गेला’ असे डॉक्टर विचारतात तेव्हा आपण महिन्यातला सर्वांत वाईट दिवस आणि दवाखान्यात येतानाचा प्रवास यांची बेरीज सांगत असतो, असे मला वाटते.

मात्र वही ठेवली म्हणजे स्मरणाचा प्रश्न सुटला असेही नाही. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला एक अभ्यास वाचून मला हसू आले आणि लाजही वाटली. जुनाट दुखणे असलेल्या रुग्णांना कागदी दैनंदिनी दिली होती आणि ती केव्हा उघडली जाते हे टिपणारा प्रकाशसंवेदक तिच्यात गुपचूप बसवला होता. रुग्णांनी लिहिलेल्या तारखा आणि वेळा पाहता ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या होत्या. संवेदकाप्रमाणे मात्र वेळेवर झालेल्या नोंदी फक्त ११ टक्के होत्या. बाकीच्या नंतर एकदम भरलेल्या, आणि काही तर आधीच भरून ठेवलेल्या! मीसुद्धा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून पंधरा दिवसांचे आकडे भरले आहेत, आणि ते खरे दिसावेत म्हणून मध्ये दोनतीन वेळा पेन बदलले आहे.

शब्दवेल्हाळ

आकड्यांची चर्चा चांगली चालली आहे, पण दुखण्याला आकड्याआधी नाव असते आणि ते नाव आपण दवाखान्याच्या दारात काढून ठेवतो, याचे मला वाईट वाटते.

रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये जी वेदना प्रश्नावली प्रसिद्ध केली तिच्यात वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत मांडली होती, कारण दुखणे जास्त की कमी याबरोबरच ते कोणत्या जातीचे आहे हेही उपचाराला उपयोगी पडते, असे त्यांचे म्हणणे होते. आता मराठीकडे पाहा. ठणका नाडीसारखा ठोके देतो. ठसठस त्याच जातीची पण दबकी असते आणि ती बहुधा पिकणाऱ्या, सुजलेल्या जागी जाणवते. कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. चमक आणि सणक क्षणात येऊन जातात, पण सणक वर मस्तकापर्यंत गेल्यासारखी वाटते. सल आत रुतून बसतो, आणि हालचाल केली की खुपतो. स्नायू आखडतो, अंग अवघडते, पाठीत उसण भरते, हाडे कडकडतात, पोटात मुरडा येतो, पाय भरून येतात. आग होणे, चुरचुरणे, मुंग्या येणे, झिणझिण्या, बधिरपणा ही तर वेगळीच वस्ती आहे, आणि मला वाटते तळटीप यांच्यासारख्यांचे कान या शब्दांनी लगेच टवकारत असतील.

मला मधुमेहामुळे पायांत त्रास आहे. तीन वर्षे मी ‘पाय दुखतात, सहा’ असे सांगत होतो आणि साध्या वेदनाशामक गोळ्या घेत होतो. एकदा कंटाळून म्हणालो की तळव्यांची आग होते आणि रात्री अंगावरची चादरही बोचते. डॉक्टरांनी लिहिणे थांबवून मान वर केली, आणि औषध त्या दिवशी बदलले. आकडा तोच, सहा.

तळटीप

कान टवकारतात, हे मान्य! आग, मुंग्या, विजेसारखी चमक आणि नुसत्या कापडाच्या स्पर्शाने होणारे दुखणे, हे शब्द एकत्र आले की मज्जातंतूंच्या दुखण्याचा विचार करावा लागतो आणि त्याची औषधे वेगळी असतात. वहीत आकड्याशेजारी एक शब्द लिहावा, ही सूचना मी आजपासून माझ्या रुग्णांना देईन.

निरंक यांच्यासाठी थोडे. दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले किंवा पुन्हा पुन्हा येत राहिले की त्याला जुनाट म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याला स्वतःचे स्थान मिळाले आहे. अशा दुखण्यात अनेकदा मज्जारज्जू आणि मेंदू यांतली वेदनेची यंत्रणाच जास्त संवेदनशील झालेली असते. मूळ इजा भरून आली तरी घंटा वाजत राहते. दर चार तासांनी त्या घंटेकडे लक्ष द्यायला लावणारे साधन काही जणांना बाधते, हे मी पाहिले आहे. ज्यांना नोंदीने चिंता वाढते त्यांनी ती करू नये. याचा अर्थ ते दुखणे कल्पित आहे असा नव्हे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस आपल्या दुखण्याविषयी जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, हे तिच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिले आहे.

आकड्याच्या आहारी जाण्याचा धोका आम्हा उपचार करणाऱ्यांनाही असतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात वेदना हे नाडी, श्वास, ताप आणि रक्तदाब यांच्या जोडीचे पाचवे लक्षण मानून प्रत्येक रुग्णाचा आकडा विचारण्याची चळवळ झाली. हेतू चांगला होता, कारण तोवर दुखण्याकडे दुर्लक्षच होत असे. पण आकडा खाली आणणे हेच उद्दिष्ट होऊन बसले आणि तिथे अफूजन्य औषधांचा जो अतिरेक झाला त्याला याचाही हातभार लागला, अशी टीका झाली. २०१६ मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेने ही कल्पना सोडून द्यावी असा ठराव केला.

अर्धविराम (धागाकर्ती)

पारंबी, आपला प्रतिसाद चार दिवस मनात घोळत होता. आपले म्हणणे बरोबर आहे. माझ्या पट्टीत सोडलेले काम मोजले जाते, पण केलेल्या कामाची किंमत मोजली जात नाही.

म्हणून दीड वर्षाची वही पुन्हा काढली आणि प्रत्येक आकड्यापुढे दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले ते शोधले. माझ्या वहीत दोनचे आणि तीनचे दिवस आहेत, आणि त्यांच्यामागून दोनतीन दिवस सलग सात-आठचे आहेत. असे एकदा नाही, अकरा वेळा. बरे वाटले की मी साठलेली सगळी कामे एका दिवसात उरकत होते आणि नंतर आडवी होत होते, आणि आठच्या दिवसाचा दोष हवेला, गादीला आणि एकदा तर नव्या चपलांना दिला होता. आकडे एकेकटे वाचले तेव्हा हे दिसले नव्हते, कारण मी आजचे कारण आजच्याच दिवसात शोधत होते.

आता ओळीत तीन गोष्टी लिहिते: संध्याकाळचा आकडा, त्याच्यासाठी एक शब्द, आणि दुसऱ्या दिवशी उठताना कालची किंमत, ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘फार’. तळटीप, दुखण्याने अशी उचल खाऊ नये म्हणून चांगल्या दिवशी काय करावे?

तळटीप

चांगल्या दिवशी कमी करावे, आणि वाईट दिवशी अगदीच थांबू नये. ऐकायला सोपे आहे, पाळायला फार अवघड, कारण चांगला दिवस पुन्हा कधी येईल याची खात्री नसते. दुखू लागेपर्यंत काम न करता घड्याळावर करावे: वीस मिनिटे बसणे जमते ना, मग बरे वाटत असले तरी पंधराला उठावे, आणि दोन आठवडे किंमत ‘नाही’ आली तर एकदोन मिनिटे वाढवावीत.

आणखी एक गोष्ट आकड्याच्या बाहेरची आहे. कंबरेच्या दुखण्यात लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर वहीत नोंद करत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कारण नसताना वजन घटणे आणि ताप यांचीही वाट पाहू नये. आकडा त्या दिवशी चार असला तरीही.

पारंबी

तीन आठवडे नव्या रीतीने लिहून पाहिले, म्हणून परत आले.

संध्याकाळचे आकडे अपेक्षेप्रमाणे लहान आहेत. शब्दांच्या रकान्यात बहुतेक ‘आखडलेले’ आणि ‘ठणका’ आहे. सकाळच्या रकान्यात एकवीसपैकी तेरा वेळा ‘फार’ आले, आणि त्या तेरापैकी दहा वेळा आदल्या दिवशी मी आईला एकटीने उचलून बसवले होते. ही वही धाकट्या भावासमोर ठेवली. मी तोंडी हेच अनेकदा सांगितले होते, पण त्याने वही दोनदा वाचली आणि बुधवार व शनिवार तो येईल असे ठरले. शनिवार त्याने एकदा चुकवला आहे.

तिसऱ्या आठवड्यातला एक दिवस कोरा राहिला. दुखले नव्हते म्हणून, की लिहायला सवड झाली नाही म्हणून, हे आता आठवत नाही. तिथे अंदाजाने चार लिहावे असे मनात आले होते, पण कोरडवाट यांचा तो संवेदक आठवला आणि जागा तशीच ठेवली.